उत्तर आलं की प्रश्न बाद

१२ जानेवारी १९९७, रविवार

आणि सगळ्यांत आधी कोण टपकलं, तर सांगलीचे मधुअण्णा! न्याहारीला येतो म्हणालेला माणूस, मी दारात सडा टाकतेय तोवर फाटकात उभा. डोक्याला मफलर, काखेत पिशवी, पिशवीत पेरू. माझे हात शेणानं भरलेले, पदर खोचलेला, कुठं तोंड लपवू असं झालं. म्हणाले, "आकारामच्या आत्या ना? चालू द्या तुमचं. मी आपला बसतो कट्ट्यावर." बसले की खरंच. पेपर मांडीवर आणि डोळे रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडे. मी म्हटलं, पहिल्याच गाडीनं आलासा व्हय? तर म्हणाले, "घरी तरी काय करायचं?"

आता ही माणसं कोण ते लिहायला पाहिजे, नाहीतर ऋषिराजला कळायचं नाही. ऋषिराज माझा नातू, त्यानंच ही वही दिली. "आज्जे, रोज लिही, मी सुट्टीत येऊन वाचणार. पण 'हाय' लिहायचं न्हाई, 'आहे' लिहायचं," असा दम देऊन गेलाय. तो, माझा लेक नाथाजी आणि सून रेश्मा जालंधरला मिल्ट्रीच्या क्वार्टरात असतात. मी इथं आष्ट्याला. घर नवं आहे, स्लॅबचं, हॉल एवढा मोठा की एकटीनं खाकरलं तरी घुमतं.

तर आकाराम माझा भाचा, साखर कारखान्यात दप्तर सांभाळतो. दप्तर सांभाळणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे, सातारा-सांगली दोन्हीकडचं. ते परीक्षा घेतं. पास झालं की दाखला, दाखला असला की बँकेत, कारखान्यात, दवाखान्यात नोकरी पक्की. पण आता सगळीकडं काम्पुटर आले. बँका म्हणाल्या, तुमच्या परीक्षेत अजून रुमाल बांधायला लावता, तुमचा दाखला आम्ही घेणार नाही. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, कागदाचं गठुडं बांधायचं लाल फडकं. तर नवा पेपर काढायला तिघांची कमिटी नेमली. एक आकाराम, एक मधुअण्णा, म्हणजे कोर्टाच्या दप्तरातनं रिटायर झालेले, आणि एक साताऱ्याच्या बँकेतल्या चारुशीलाबाई. सातारा तिकडं, सांगली इकडं. आकाराम म्हणाला, "मधी माझी आत्ती ऱ्हाती, तिथं बसू."

सोफ्याचं प्लास्टिक आज पहिल्यांदा काढलं. नाथाजी आल्यावर काढायचं ठरवलं होतं, पण पावण्यांनी काय घामाच्या पाठी चिकटवून बसायचं?

चारुशीलाबाई लय गोड. चष्मा, बारीक आवाज, चपला बाहेर अगदी जोडीनं लावल्या. त्या एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होत्या. जुनं दप्तर नष्ट करण्यापूर्वी काय करावं? अ, जाळावं. ब, रद्दीत घालावं. क, वरिष्ठांची लेखी मंजुरी घेऊन, नोंदवहीत नोंद करून, मग दोन साक्षीदारांसमोर नष्ट करावं. ड, माळ्यावर टाकावं. मी चहा घेऊन आले होते. तोंडातनं निघून गेलं, "क."

चारुशीलाबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कसं माहीत?"

म्हटलं, "मला काय माहीत असतंय? ते सगळ्यात लांब हाय. खोट्या उत्तराला एवढी शाई कोण घालील?"

मधुअण्णा एवढे हसले की ठसका लागला. चारुशीलाबाई नाही हसल्या. त्यांनी पेनानं प्रश्नावर फुली मारली. "ज्याला काही येत नाही त्याला उत्तर आलं, तर तो प्रश्न बाद," म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "आजी, तुम्ही बसता का इथं? आम्हाला अशीच माणसं पाहिजेत, ज्यांना यातलं काहीच येत नाही."

मला काहीच येत नाही म्हणून कुणी बसा म्हटलेलं जन्मात पहिल्यांदाच. बसले की!

जाताना म्हणाल्या, दर रविवारी येऊ, मार्च संपायच्या आत पेपर छापखान्यात गेला पाहिजे.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ केला. नाथाजी संक्रांतीला रजा काढणार होता, मिळाली नाही. शिमग्याला नक्की येतो म्हणालाय. शेजारची हरणाबाई तीळगूळ घ्यायला आली आणि चौकशी करून गेली. "तुझ्याकडं सायबलोक यायलेत म्हनं. ती चष्मेवाली कोन?" मी सांगितलं, परीक्षेचं काम आहे, गुप्त असतं. हरणाबाईला दोन दिवस भाकरी गोड लागायची नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज माझ्यासाठी सोफ्याची एक खुर्ची वेगळी ठेवली होती. मधे मी, समोर चारुशीलाबाई, बाजूला हे दोघं. मला वाटलं लग्नाला बघायलाच आलेत.

"आजी, विचार करायचा नाही. सुचेल ते सांगायचं."

पहिला प्रश्न. दप्तरखान्यात काय असावं? अ, उजेड. ब, वारा. क, आग विझवायचं सामान. ड, वरील सर्व. मी म्हटलं, ड. सगळं देतात म्हटल्यावर कोण सोडतंय? फुली. "वरील सर्व" असलेले सगळेच प्रश्न मग चारुशीलाबाईंनी तिथल्या तिथं काढून टाकले.

मग विचारलं, कागदावर एक लिहिलंय आणि काम्पुटरात दुसरंच आहे, तर आधी काय करायचं? मी म्हटलं, काम्पुटर चुकत नाही म्हणतात, तर कागद फाडा. चारुशीलाबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "शाब्बास आजी! चुकलं!" आणि बरोबरची खूण केली. फ्लॉपी म्हणून एक काळी चपटी वस्तू असते, काम्पुटरातलं लिखाण तिच्यात उतरवून घेतात. दोन फ्लॉप्या केल्या तर दुसरी कुठं ठेवायची? मी म्हटलं साहेबांच्या टेबलात, तिथं कुणाची हात घालायची टाप नाही. चुकलं. परत शाब्बास. चुकलं की शाब्बास म्हणणारी शाळा असती तर मी दुसरीतनं घरी बसलेच नसते.

मधुअण्णांचा मात्र स्वभाव विचित्र आहे. खूण केलेल्या प्रश्नालाही ते आडवे जातात. "हा शब्द बदला. याच्यावर पुढच्या रविवारी बोलू." चारुशीलाबाई म्हणतात, "अण्णा, आत्ताच बोलू ना," तर ते म्हणतात, "घाई नको." आकाराम मला आत येऊन म्हणाला, "म्हाताऱ्याला रुमाल सुटंना गं." असेल तसंच.

जेवायला भरली वांगी केली होती. अण्णांनी तीनदा मागून घेतली.

दुपारी फोनला जायचं राहिलं. दर रविवारी नाथाजी चौकातल्या बूथवर फोन करतो, म्हणजे करतोच असं नाही, पण मी जाऊन बसते. आज उठवलंच नाही. उद्या विचारून येते.

२० जानेवारी

विचारलं. फोन आलाच नव्हता. चला, हेलपाटा वाचला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन होतं म्हणून कुणी आलं नाही. रेडिओवर दिल्लीची परेड ऐकली, नाथाजीची पलटण त्यात नव्हती पण मी ऐकली. दुपारी बूथवर बसले. बूथवाला पोरगा म्हणाला, "आज्जी, आला तर हाक मारतो, घरी जावा." मी म्हटलं घरी तरी काय करायचं.

वांगी उगीच आणली. हरणाबाईला अर्धी दिली.

आज बसल्या बसल्या एक हिशेब लक्षात आला. मला उत्तर आलं की प्रश्न बाद. बाद झाला की त्यांना नवा काढावा लागतो. नवा काढला की मला विचारायला परत यावं लागतं. म्हणजे मला जितकं येईल तितके रविवार. सगळं चुकत गेले तर पेपर पंधरा दिवसांत तयार आणि सोफ्याला परत प्लास्टिक.

२ फेब्रुवारी, रविवार

आज आकारामला आत बोलावून म्हटलं, मला ह्यातलं काहीतरी वाचायला दे. त्यानं डोळे मोठे केले. "आत्ती, तुला काय कळनार त्यातलं?" म्हटलं कळायला कशाला पाहिजे, वेळ जातो. त्यानं पिशवीतनं एक बाड दिलं. चारुशीलाबाईंनी परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी अभ्यासाच्या टिपा लिहिल्यात, त्याच्या झेरॉक्स. "भजी पुसायला वापर," म्हणाला मेला. दिलं आणि विसरून गेला.

आज जास्त चुकाच झाल्या. चारुशीलाबाई खूश. मी पण खूश दाखवलं.

६ फेब्रुवारी

वाचतेय. अक्षर लहान आहे, बोट ठेवून वाचावं लागतं. दुसरीतल्या गुरुजींनी छडी मारून शिकवलेलं अजून शिल्लक आहे म्हणायचं. एक पान सकाळी, एक ज्वारी निवडताना. दिवस कसा सरतो कळत नाही. आधी दुपार म्हणजे नुसती पसरलेली असायची.

त्यात लिहिलंय, प्रत्येक कागदाला वर्ग असतो. अ म्हणजे कायम ठेवायचा. ब म्हणजे बरीच वर्षं. क थोडी वर्षं. ड म्हणजे वर्षाच्या आत काढून टाकायचा. मला लय पटलं. घरात करून बघितलं. विजेची बिलं ड. घराचा उतारा अ. नाथाजीचा लग्नातला फेटा कागद नाही, पण अ. ऋषिराजची पायताणं, आता त्याला येत नाहीत, ती पण अ. नाथाजीची पत्रं घेऊन बसले. सगळ्यांत सारखंच. खुशाल आहे, पैसे पाठवले, तब्येतीला जप. टिपांत लिहिलंय, तोच मजकूर परत परत असेल तर एकच प्रत ठेवावी, बाकीच्या काढाव्यात. ते लिहिणाऱ्याला काय माहीत. सगळी अ.

आणि ती फ्लॉपीची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची असते. का, तर आग लागली तर दोन्ही एकदम जाऊ नयेत. वाचून मला हसूच आलं. मिल्ट्रीला हे आधीच ठाऊक असणार. माझ्या घराची एक प्रत इथं आणि बाकीच्या जालंधरला!

१६ फेब्रुवारी, रविवार

गेल्या रविवारी निम्मे आणि आज जवळजवळ सगळे प्रश्न बाद. मी पटापटा सांगत होते. शाळेत कधी एवढं आलं नव्हतं. चारुशीलाबाई आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. पेन टेकवून म्हणाल्या, "आजी, हे कसं सुचलं?" म्हटलं, "सहज."

मी एक प्रश्न तर कारणासकट सांगितला. फ्लॉपीचाच. त्यांनी जुना प्रश्न शब्द फिरवून परत घातला होता. दुसरी इमारत, आग लागली तर काय होईल, सगळं. चारुशीलाबाई आकारामला म्हणाल्या, "म्हणजे माझेच प्रश्न इतके सोपे आहेत."

मधुअण्णा म्हणाले, "मग परत काढू सावकाश. शिमग्यापर्यंत काढू. पाडव्यापर्यंत काढू." एवढं गोड बोलताना त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटतं त्यांना पेपर होऊच नये असं वाटतंय, रुमालासाठी. आज येताना माझ्यासाठी सांगलीची हळद घेऊन आले. जेवल्यावर ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. बायको असताना कधी उचललं नाही म्हणाले.

हरणाबाई कुंपणावरनं, "काय गं साळू, पास झालीस का?"

"पास झाले म्हणून तर परत येणार हाईत."

"बाई! आमच्याकडं पास झालं की घरी पाठवत्यात."

२३ फेब्रुवारी, रविवार

आज पण सगळे बाद. वाटाण्याची उसळ, दही, खरडा. अण्णांना खरडा सोसत नाही तरी खाल्ला. डोळ्यांत पाणी. आम्ही सगळी हसलो. असा हॉल भरलेला असला की भिंती घुमत नाहीत.

नाथाजीचं पत्र. शिमग्याला जमणार नाही, ऋषिराजची परीक्षा आहे. बरोबर आहे त्याचं. परीक्षा किती महत्त्वाची असते ते आता मला कळतं.

२ मार्च, रविवार

आज चांगलं नाही झालं. लिहावं की नाही असं वाटतंय.

प्रश्न वाचता वाचता चारुशीलाबाई मधेच थांबल्या आणि पाणी प्यायला म्हणून आत आल्या. मी मागनं गेले. ओट्याला टेकून उभ्या होत्या, चष्मा हातात. म्हणाल्या, "आजी, माझ्याच्यानं नाही होणार हे. मीच भांडून भांडून नवा पेपर काढायला लावला. आणि ज्यांना अक्षरओळखीपुरतं येतं त्यांनाही माझे प्रश्न सुटतात. असा पेपर बँकांना दाखवला तर हसतील."

मी म्हटलं, मग जुनाच घ्या की यंदा.

"जुना घेतला तर दाखला कुणी मानणार नाही. आणि एकदा परीक्षा बंद पडली की पडली." मग त्यांनी दहिवडीच्या मनुबाईचं सांगितलं. त्यांच्या बँकेच्या तिकडच्या शाखेत दप्तर लावते. नवरा मुंबईला गेला तो परत आलाच नाही. पोरगी पदरात. कच्ची नोकरी आहे, दाखला मिळाला तर पक्की होईल. यंदा शेवटची संधी, पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही. "रात्रंदिवस माझ्या टिपा वाचतीये ती. आजी, तिला काय सांगू? की पेपरच झाला नाही?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तसाच धरून उभी राहिले. त्याच टिपा ज्वारीच्या डब्यामागं ठेवलेल्या होत्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, पुढचा रविवार शेवटचा. नाही जमलं तर मंडळाला कळवून टाकायचं. मधुअण्णा खाली बघून मफलरचे दोरे ओढत बसले होते. आज आडवे पण गेले नाहीत.

५ मार्च

मनुबाई आत्ता काय करत असेल, असं सारखं मनात येतं. मी तिला कधी बघितलं नाही. दहिवडीकडं पाणी नाही, मेंढरं चारायला माणसं आमच्याकडं उतरतात, तेवढंच मला माण तालुक्याचं माहीत. पण दिवसभर डोळ्यापुढं एक बाई येते. बोट ठेवून वाचते. माझ्यासारखीच. फक्त ती नोकरीसाठी वाचतेय आणि मी वांग्याच्या भाजीला माणसं मिळावीत म्हणून.

ठरवलं. रविवारी सगळं चुकवायचं. चुकलं की प्रश्न राहतो, प्रश्न राहिले की पेपर होतो. मग रविवार गेले तर गेले. टिपा परत वाचल्या, कारण चुकवायचं तर बरोबर काय ते नीट माहीत पाहिजे.

९ मार्च, रविवार

पुरणपोळी केली होती. शेवटचा रविवार म्हणून.

एकेक प्रश्न आला आणि मी एकेक चुकवत गेले. बरोबर उत्तर ओठावर यायचं, ते गिळायचं आणि शेजारचं सांगायचं. बरोबर सांगण्यापेक्षा हे अवघड. आकाराम खूश, "आत्ती, आज ग्वाड बोलाय लागलीस!" चारुशीलाबाई मात्र खुणा करत होत्या पण माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मग विचारलं, "दुसरी फ्लॉपी कुठं ठेवायची?"

मी म्हटलं, "साहेबांच्या टेबलात."

पेन खाली ठेवलं त्यांनी. "आजी, त्या दिवशी तुम्हीच मला समजावून सांगितलंत, आग लागली तर काय होईल ते."

हॉल घुमला. कुणीच बोललं नाही तरी घुमला.

मी उठले, डब्यामागनं टिपा आणल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवल्या. हळदीचे डाग पडले होते. सांगितलं सगळं. म्हटलं, तुमी प्रश्न बाद केलासा की परत येत हुता. म्हनून शिकले. आनि आज मनुबाईसाठी चुकवलं. मला काय ते बोला, पर आकारामला बोलू नका, त्यानं भजी पुसायला दिली हुती.

आकाराम कपाळाला हात लावून बसला. "आत्ती, आगं, पेपर फोडलास की गं तू!"

चारुशीलाबाई रागावतील वाटलं. त्या जुने कागद उलटे करायला लागल्या. फुल्या मारलेले, खुणा केलेले. जानेवारीचे, फेब्रुवारीचे. मग एकदम उठून उभ्या राहिल्या. "अण्णा, बघा तरी! जानेवारीत आजींना हे येत नव्हतं. टिपा वाचल्या आणि यायला लागलं. अहो, वाचणाऱ्याला यावं आणि न वाचणाऱ्याला येऊ नये, परीक्षा म्हणजे दुसरं काय असतं? माझे प्रश्न सोपे नव्हतेच. आजींनी अभ्यास केला होता!"

मधुअण्णा म्हणाले, "पण फुल्या मारलेले न वाचणाऱ्याला येतात की नाही, हे कुठं कळलंय? त्याला कुणीतरी कोरं माणूस पाहिजे. पुढच्या रविवारी..."

"पुढचा रविवार नाही, अण्णा," त्या म्हणाल्या.

कुंपणावर हरणाबाईचं डोकं होतंच. मीच हाक मारली. आली, हात पुसत, पदर सारखा करत, माझ्या खुर्चीत बसली.

"हरणाबाई, कागदावर एक आणि काम्पुटरात दुसरंच, तर काय करायचं?"

"कुनी बघायच्या आत मिटवायचं."

"फ्लॉपी कुठं ठेवायची?"

"फ्लापी म्हंजी काय मला ठावं न्हाई, पर असंल तर कुलपात. सुनंला दावू नगा."

"कागदाचे वर्ग कोणते?"

"कोरा आनि ल्हेलेला."

मी टिपा वाचल्यानंतर फुली बसलेले सगळे प्रश्न विचारले. एक सुद्धा आला नाही तिला. प्रत्येक चुकीला आकाराम टाळ्या वाजवायचा आणि हरणाबाईला वाटायचं, आपण पास होतोय. चारुशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, या खेपेला हसून. खरडा नव्हता ताटात. त्यांनी फुल्या खोडून खुणा केल्या. चहा होईपर्यंत पेपर पुरा.

मी आनंदानं पोळ्या वाढल्या. खरंच आनंद झाला, खोटं लिहीत नाही. मनुबाईची परीक्षा होणार. पण वाढता वाढता मनात आलं, आता ह्यांना पुन्हा कधी कोरं माणूस लागलं तर ते हरणाबाईला बोलावतील. मी शिकले आणि बिनकामाची झाले.

चारुशीलाबाई निघताना वाकून पाया पडल्या. मधुअण्णा फाटकातनं परत आले. वाटलं पिशवी विसरली. पिशवी हातातच होती. म्हणाले, "एक-दोन प्रश्नांतले शब्द मला अजून पटलेले नाहीत." मी म्हटलं, आता कशाला अण्णा, झालं की चांगलं. तर बराच वेळ उभे राहिले, आणि गेले. लय हट्टी माणूस.

१० मार्च

सकाळी उठून सडा टाकला. कट्टा पुसला. सोफ्याचं प्लास्टिक घालायला काढलं होतं, पण घडी मोडेना, म्हणून परत ठेवून दिलं. टिपा चारुशीलाबाई विसरून गेल्यात. मनुबाई वाचते ती वेगळी प्रत, ही माझीच राहिली. पुढचं पान वाचायला घेतलं. कुणी विचारणार नाही, पण वाचलं.

काल लिहायचं एक राहिलं. निघताना तिघंही म्हणाली, निकाल लागला की पेढे घेऊन येतो. निकाल मेच्या शेवटाला. त्याच्या पुढचा रविवार, एक जून. मी आत जाऊन कॅलेंडरचं जूनचं पान वर काढलं आणि खूण केली. १ जून, रविवार. येणार आहेत.